वहीत ७५ हजार, भिंतीवर ७८ हजार: याला काय म्हणायचं?

येऊरची वाट | रविवार, रात्री १०:४०

मी अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर ठाण्यात, शाळा भिवंडी तालुक्यात. गावाचं आणि भट्टीचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथेच आहेत.

माझ्या वर्गात दरवर्षी सात-आठ मुलं कातकरी वाडीवरची असतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा त्यातली एक-दोनच परत येतात. बाकीची आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेलेली असतात, ती पाऊस तोंडावर आला की दिसतात. तोवर वाचायला शिकलेलं निम्मं विसरलेलं असतं. अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं, ते दाखवून मूल भट्टीजवळच्या शाळेत बसू शकतं. तेच द्यायला मी फेब्रुवारीच्या शेवटी एका भट्टीवर गेले होते.

तिसरीतला एक मुलगा सापडला. बाप गारा तुडवत होता, आई साच्यात विटा थापत होती, हा वाळत घातलेल्या विटा उलटवत होता. त्यांच्या भोंग्यात मी वाकूनच शिरले. (भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा आणि प्लास्टिक टाकलेली खोपटी.) पत्रक हातात देऊन, भिंतीपाशी उभं करून मुलाचा फोटो काढला, अहवालाला जोडायला. आणि परत आले.

जूनमध्ये नवरा-बायको दोघं शाळेत आले. "बाई, शेठनं हिशेब दिलाय, तेवढा वाचून सांगा." वहीतून फाडलेलं एक पान. त्यावर होतं ते असं. विटा ७५ हजार, हजाराला ६०० रुपये, म्हणजे ४५,०००. त्यातून गेल्या गणपतीत घेतलेली उचल २५,००० वजा. आठवड्याची खर्ची ९०० प्रमाणे २६ आठवड्यांची २३,४०० वजा. दवापाणी २,५०० वजा. मागच्या वर्षीची बाकी ६,००० वजा. सहा महिने दोघं राबून शेवटी त्यांच्याच अंगावर ११,९०० रुपये.

मी दोनदा बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती.

तेव्हा ती बाई म्हणाली, "पंच्याहत्तर नाय, जास्त झाल्यात. मी भोंग्याच्या भितीवर कोळशानं रेघा मारल्यात, हजाराला एक." पण भोंगा राहिला होता कुठे? हंगाम संपला की भोंगा मोडतात. त्या भिंतीच्या विटाही विकायच्याच असतात.

रात्री मला तो फोटो आठवला. मोबाइलवर मोठा करून पाहिला. मुलाच्या डोक्यामागे पाच-पाच रेघांचे गठ्ठे होते. पंधरा गठ्ठे आणि वर तीन रेघा. फेब्रुवारीअखेरच ७८ हजार झाल्या होत्या, आणि काम त्यानंतर मेपर्यंत चाललं.

मी त्यांना सांगितलं. नवरा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कोनाला सांगू नका बाई. पोरीचं लगीन हाय." गणपती झाले. त्याने त्याच शेठकडून ४०,००० उचल घेतली आहे. दसरा झाला की निघणार.

स्टाफरूममध्ये मी 'गुलामगिरी' हा शब्द वापरला, तर सहकारी म्हणाले शब्द फार मोठा आहे. गुलामी संपली, हा फक्त शोषणाचा प्रकार. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शब्द खरंच मोठा आहे का? आणि मी काय करू?


ऐरोली नॉलेज पार्क | रविवार, रात्री ११:२५

ताई, वाचून वाईट वाटलं. पण गुलामगिरी म्हणजे माणसाची मालकी, बाजारात खरेदी-विक्री. इथे माणसाने स्वतः पैसे घेतले, कोणी पकडून नेलं नाही. असं पाहिलं तर आम्हीही गुलामच. माझा दोन वर्षांचा बॉण्ड आहे, सोडलं तर दोन लाख भरा. वर गृहकर्जाचा हप्ता. रात्री साडेबारापर्यंत कॉल. पळून जावंसं रोज वाटतं.


कोर्टनाका | सोमवार, सकाळी ७:५०

ऐरोली, तुमचा त्रास खरा आहे, त्याला कमी लेखत नाही. पण तुम्ही उद्या राजीनामा दिलात तर कंपनी फार तर भरपाईसाठी दावा लावेल. कुठलंही कोर्ट तुम्हाला त्या खुर्चीत परत बसवणार नाही, वैयक्तिक सेवेचा करार सक्तीने पार पाडून घेता येत नाही. तुम्ही दुसऱ्या कंपनीत जाऊ शकता. त्या माणसाला फेब्रुवारीत शेजारच्या भट्टीवर जास्त दर मिळत असता, तर जाता आलं असतं का? माझ्या लेखी प्रश्न एवढाच आहे.

आणि हे माझं मत म्हणून सांगत नाही, कायदाच तसा आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा, त्याआधीचा अध्यादेश २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू. उचल किंवा कर्ज घेतलं आणि त्या बदल्यात मजुरी नाममात्र मिळाली, किंवा दुसरीकडे काम करायची मुभा गेली, किंवा हवं तिथे जायची मुभा गेली, यातलं कुठलंही एक असलं की ती वेठबिगारी. चारही बाजूंनी कुंपण असायला लागत नाही. पैसे स्वखुशीने घेतले हा बचाव तिथे चालत नाही, कारण उचल घेतलेली असणं हीच तर वेठबिगारीची पहिली खूण.

संविधानाच्या २३ व्या कलमात इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हाच शब्द ठेवलाय. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवतींनी सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावं लागणं हेही सक्तीचं श्रम, कारण भूकसुद्धा सक्ती करते.

येऊर ताई, तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचं कलम १५ वं. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी शेठवर असते, मजुरावर नाही. तो फोटो जपून ठेवा. मूळ फाइल तारखेसकट ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवून उरलेली प्रत चालणार नाही.


चौथी सीट | सोमवार, सकाळी ९:०५

कोर्टनाका +१.

इतक्या लांब जायलाच नको. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत एका घरी गावाकडून आणलेली मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची. "आम्ही तिला मुलीसारखी सांभाळतो." ती कधी एकटी लिफ्टने खाली आली नाही. पगार घरी पाठवतो म्हणायचे. मी दोन महिने नुसता विचार करत बसले, शेजारधर्म आडवा येत होता. शेवटी १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन केला. ते दोन महिने मला अजून टोचतात.


पडघा | सोमवार, दुपारी २:१५

माझ्या मामांची भट्टी होती, म्हणून लिहितो. चार वर्षांपूर्वी बंद केली. उचल दिल्याशिवाय नवरा-बायकोची एक जोडी येत नाही, हे लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्या. काही जोड्या दोन शेठकडून उचल घेऊन तिसरीकडे जातात. मातीची रॉयल्टी, तूस, कोळसा, सगळ्यात पैसे अडकलेले असतात आणि एक अवकाळी पाऊस झाला की वाळत घातलेल्या विटांचा चिखल. आता मोठे बिल्डर सिमेंटचे ब्लॉक वापरतात, लाल विटेला भाव नाही. प्रत्येक भट्टीवाला राक्षस नसतो. मामी बाळंतिणींना घरून डबा पाठवायची.

पण एक कबूल करतो. वही आमच्याकडेच असायची. मजुराकडे कधीच नाही. लहानपणी सुट्टीत मी ती लिहायला बसायचो. भिजलेल्या, तुटलेल्या विटा कोणाच्या नावावर टाकायच्या हे मामा सांगायचे, आणि त्या नेहमी थापणाऱ्याच्याच नावावर पडायच्या. पाऊस काय त्याने आणला होता? तेव्हा मला हा प्रश्न पडला नाही. आज हा धागा वाचून पडला.


येऊरची वाट | सोमवार, रात्री ९:३०

पडघा, मनापासून धन्यवाद. असं लिहायला धैर्य लागतं.


सात-बारा | सोमवार, रात्री ११:१०

महसूल खात्यातून निवृत्त झालो, वय ७१. मोबाइलवर हळू टाइप करतो, सांभाळून घ्या.

ताईंनी लग्नासाठीच्या उचलीचं लिहिलं, तिथे मी थांबलो. डहाणू, उंबरगाव, तलासरी हे सगळं तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथे वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचा आणि नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायला बांधले जायचे. त्यांना लग्नगडी म्हणायचे. कर्ज फिटायचं नाही, पोरंही त्यातच वाढायची. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी किसान सभेतर्फे वारल्यांना उभं केलं, लग्नगडी आणि वेठ बंद झाली पाहिजे म्हणून. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली, जेठ्या गांगड त्यातला. ऐंशी वर्षं झाली. आणि आजही पोरीच्या लग्नासाठीच उचल.

पुढे विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई-भिवंडी पट्ट्यात वेठबिगार सोडवले. उसगावला त्यांच्या संस्थेचं काम. १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने त्यांना पुरस्कार दिला. भट्टीवरच्या पोरांसाठी 'भोंगा शाळा' त्यांच्याच 'विधायक संसद' या संस्थेने चालवल्या. तेव्हा शब्द मोठा आहे का, याचं उत्तर याच जिल्ह्यातल्या कामाने कधीच देऊन ठेवलंय.

आता जे सांगायचंय ते. मी एका तहसील कार्यालयात असताना असे अर्ज यायचे. आम्ही वर शेरा मारायचो, 'मजुरीचा वाद, कामगार खात्याकडे वर्ग'. एकदा वेठबिगार म्हटलं की जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं, चौकशी, जबाब, मुक्तीचा दाखला, पुनर्वसन, फौजदारी. आणि 'आपल्या तालुक्यात वेठबिगार नाही' असे अहवाल आधीच गेलेले. ते खोटे कसे ठरवायचे? मी स्वतः असे शेरे मारलेत. किती, ते मोजलं नाही. एका अर्जावर पाच अंगठे होते, ते मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत.

पद्धत सांगतो. अर्ज प्रांत अधिकाऱ्यांकडे द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. अर्जात 'वेठबिगार' हा शब्द आणि १९७६ चा कायदा स्पष्ट लिहा, 'मजुरी मिळाली नाही' एवढंच लिहू नका. पोच घ्या. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असते, तिच्यापुढे विषय ठेवा म्हणून लिहा. मुक्तीचा दाखला मिळाला की कर्ज कायद्याने संपतं. शेठने नंतर ते वसूल केलं तर तोच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत, पुरुषाला एकूण १ लाख, स्त्रीला किंवा बालकाला २ लाख. मोठी रक्कम मिळायला वेळ लागतो, खोटी आशा दाखवू नका.


कोपरी पूल | मंगळवार, सकाळी ६:४०

सात-बारा काका, तुम्ही लिहिलंत हे मोठं केलंत.

माझे पणजोबा महार वतनात होते, मुरबाडकडे. इनामाचा तुकडा आणि बलुतं, त्या बदल्यात सरकारी माणसाचं सामान वाहणं, सांगावा पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं. रात्री बोलावलं की रात्री. घरचा पुरुष आजारी असला तर पोराने किंवा बाईने जायचं, कारण बांधील एकटा माणूस नव्हता, अख्खं घर होतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा, अंमल १९५९ पासून. तीस वर्षं. आजी सांगायची, वतन गेलं तेव्हा भावकीतले काही रडले, जमीन जाणार म्हणून. बांधलेल्या माणसाला ती दोरीच आधार वाटायला लागते, हे मी तिच्याकडून ऐकलं. तुमच्या विद्यार्थ्याचा बाप "कोनाला सांगू नका" का म्हणतो, ते त्यामुळे मला कळतं.

अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर्तमानपत्रात संप झाला की मथळा येतो, 'प्रवाशांना वेठीस धरले'. वेठीस कोण धरायचं आणि कोणाला? पाटील, मामलेदार धरायचे, राबणाऱ्याला. आज राबणारा हात थांबवतो तेव्हा तोच शब्द आपण त्याच्यावर उलटवतो. मी निदान माझ्या बोलण्यातून तो वापर काढून टाकलाय.


नेरुळ सेक्टर वीस | मंगळवार, रात्री १०:००

मी जहाजावर होतो, आता किनाऱ्यावर नोकरी करतो. शिकलेला माणूस यात सापडत नाही असं वाटत असेल तर वाचा.

बेलापूरच्या एका एजंटमार्फत गेलो. आखातात नांगर टाकून मालक गायब झाला. आधी पगार थांबला, मग डिझेल, मग ताजं पाणी. नऊ महिने. लोक विचारतात, उतरून का नाही आलास? पासपोर्ट कॅप्टनच्या तिजोरीत, किनाऱ्यावर पाय ठेवायची परवानगी नाही, आणि बंदरवाले म्हणतात बदली माणूस आल्याशिवाय जहाज रिकामं सोडता येणार नाही. शिवाय डोक्यात एकच भीती, उतरलो तर थकलेल्या पगारावर पाणी. घरी एजंटच्या फीसाठी काढलेलं कर्ज. मला कोणी साखळीने बांधलं नव्हतं. दार कुठे आहे ते दिसत होतं आणि जाता येत नव्हतं.

२०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियम आहे. दोन महिने पगार थकला किंवा खाणं-पाणी बंद झालं की खलाशाला 'सोडून दिलेला' धरतात, घरी आणायचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा पगार विम्यातून मिळतो. हे मला तिथे असताना माहीत नव्हतं. आमच्या भागातल्या पोरांना हात जोडून सांगतो, एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का ते आधी बघा.

ताई, जहाजावर आम्ही एक केलं ते तुमच्या कामाला येईल. रोज काय काम केलं, काय खाल्लं, किती पाणी होतं याचा तारखेसकट फोटो दर रविवारी बायकोला पाठवायचो. नंतर पगार मिळवताना तोच कागद ठरला. त्या बाईंच्या रेघा दर आठवड्याला तुमच्या मोबाइलवर आल्या तर भिंत मोडली तरी बिघडत नाही.


कळवा खारीगाव | बुधवार, सकाळी ८:२०

शेजारच्या मुलाला थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलं आणि म्यानमारमध्ये नेऊन बसवलं. दिवसाचे पंधरा तास लोकांना ऑनलाइन फसवायचं काम. जायचं असेल तर डॉलर मोज, तुला आम्ही विकत घेतलाय. 'विकत घेतलाय' हेच शब्द. ऐरोली, खरेदी-विक्री तुम्ही विचारली होती, म्हणून लिहिलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५०० हून अधिक भारतीय परत आले, त्यात तो होता. अजून दार वाजलं की दचकतो.


ऐरोली नॉलेज पार्क | बुधवार, दुपारी १:३०

मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो. बॉण्डची तुलना करायला नको होती. ताई, अर्ज टाइप करून देणं, प्रती काढणं, जे लागेल ते मी करीन.


येऊरची वाट | दहा दिवसांनी, शनिवार, रात्री ८:५०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. दोनदा वाडीवर जाऊन आले.

पहिल्या दिवशी नवरा भेटलाच नाही, किंवा भेटायचं नव्हतं. बायकोशी बोलले. सात-बारा काकांनी लिहिलेलं सगळं सांगितलं, दाखला, कर्ज संपतं, शेठला मागता येत नाही. तिने नीट ऐकलं आणि मला विचारलं, "मंग पुढच्या गनपतीला कोन देल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावसाळ्यात वाडीवर काम नसतं, चूल त्या उचलीवर चालते. खावटी योजना याचसाठी १९७८ मध्ये सुरू झाली, कोविडच्या काळात कुटुंबामागे ४,००० रुपयांचं खावटी अनुदान जाहीर झालं होतं. ती म्हणाली, ४,००० आणि ४०,००० मध्ये शेठ बसलेला असतो. (तिचे शब्द थोडे वेगळे होते, अर्थ हाच.) रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे त्यांच्याकडे, शेवटचं काम कधी मिळालं ते तिला आठवत नाही.

दुसऱ्या खेपेला वाडीतल्या आणखी तीन बायका येऊन बसल्या. त्यांच्याकडेही हिशेबाचे कागद होते. एकीने तर तीन वर्षांचे पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेले. मी ते सगळे मोठ्याने वाचले. चारही घरांत शेवटी बाकी मजुराच्याच अंगावर. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. माझ्या मते त्यांना हे वेगवेगळं माहीत होतं, एकत्र कधी ऐकलं नव्हतं.

चौघींपैकी दोघी अर्ज करायला तयार आहेत. माझ्या विद्यार्थ्याची आई त्यातली एक. नवऱ्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हिशेबाचं ते पान त्याने खिशातून काढून तिच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बसला. बाकीच्या दोघी म्हणाल्या, आधी यांचं काय होतं ते बघतो. मी जोर केला नाही. मी संध्याकाळी ठाण्याला परत येते, त्यांना तिथेच राहायचं आहे.

नेरुळ, तुमचं ऐकून मुलाला एक वही दिली आहे. त्याला हजारापर्यंत आकडे येतात. आई रेघ मारील, तो तारीख घालील.

मंगळवारी सकाळी साडेदहाला आम्ही भिवंडीच्या प्रांत कार्यालयात जात आहोत. कोर्टनाका, अर्जाचा मसुदा मिळाला, त्यात लग्नाच्या ४०,००० चा उल्लेख ठेवू की नको ते उद्यापर्यंत सांगा. ती विचारते आहे की ते पैसे निम्मे खर्च झालेत, त्याचा तिला त्रास होईल का.


कोर्टनाका | शनिवार, रात्री ९:१५

ठेवा. लपवू नका. तीही वेठबिगारीचीच उचल, मुक्तीच्या आदेशात तीही यायला हवी. त्रास झालाच तर मला फोन करायला सांगा, नंबर खासगी निरोपात देतो. मंगळवारी मी येतोय.


सात-बारा | शनिवार, रात्री ९:५५

मीही येतो. दहाला एसटी स्टँडच्या फाटकापाशी उभा राहीन, हातात निळी फाइल असेल. बायकांना आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या दोन-दोन प्रती आणायला सांगा. आणि पोच दिल्याशिवाय मी त्यांना टेबलावरून उठू देणार नाही.